रस काढायला आलेली मुलगी

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही. तुमच्या तोंडावर तो कधी काढता आला नाही, म्हणून आता लिहिते आहे. २००६च्या फेब्रुवारीत मी नवऱ्याला सोडून लंडनजवळच्या हॅरोहून लीड्सला आले, दोन बॅगा घेऊन तुमच्या दारात उभी राहिले. आई त्याआधीच गेलेली. तुम्ही बॅगा आत घेतल्यात, चहा टाकलात, आणि "काय झालं?" एवढंसुद्धा विचारलं नाहीत. तिसऱ्या दिवशी तिथल्या मराठी मंडळातल्या एका काकूंचा फोन आला, तेव्हा मात्र तुम्हाला वाचा फुटली. "अहो, ती माझ्या हेल्पला आलीय. बॅक गार्डनमध्ये सिकॅमोर आहेत ना, मेपलचेच भाऊबंद, त्यांचा रस काढतोय आम्ही. आटवून काकवी करायची. रविवारी या बघायला!" मी स्वयंपाकघरात ऐकत होते. तोवर त्या पाच झाडांची पडलेली पानं गोळा करण्यापलीकडे तुम्ही त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

लोक काय म्हणतील, याचा केवढा धसका! खोटं निस्तरायला तुम्ही दुसऱ्या दिवशी खरोखरच नळीचं भेंडोळं, पिंप आणि ड्रिल घेऊन आलात. झाडांना भोकं पाडून रस नळीने उताराखालच्या पिंपात आणायचा होता. मी वरच्या झाडापाशी नळी धरून कुडकुडते आहे, आणि तुम्ही उताराच्या तळाशी, पिंपाजवळून ओरडताय, "वर घे! झोळ पडलाय. झोळ पडला की रस तिथेच तुंबतो, एवढं साधं कळत नाही?" माझा संसार मोडला होता, बाबा, आणि तुम्ही मला नळीच्या झोळावरून बोलत होतात. "मला तुमच्याशी बोलायचंय," मी म्हटलं. "आधी लाइन पुरी होऊ दे." शुक्रवारी संध्याकाळी लाइन पुरी झाली. मग तुम्ही घड्याळ लावून थेंब मोजत बसलात, तीस वर्षं इस्पितळात भूल देताना सलाइनचे मोजायचात तसे.

शनिवारी तुम्ही काकूंसाठी श्रीखंड आणायला गेलात, आणि मी पिंपाच्या वरचा नळीचा जोड ओढून काढला. रस गवतात जाऊ लागला. रविवारी काकूंसमोर तुम्ही झाकण उचललंत, तर तळ जेमतेम ओला. मला वाटलं, आता तरी खरं बोलावंच लागेल. तुम्ही गुडघ्यावर बसलात, चष्मा लावून ते सुटलेलं टोक बोटांत फिरवून फिरवून पाहिलंत. त्यावर दाताची एकही खूण नव्हती. "खारींचा फार त्रास आहे इकडे," तुम्ही म्हणालात, आणि माझ्याकडे न बघता जोड परत बसवलात.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. तरीही तुम्ही मला पुन्हा झाकलंत, रागवायचीही सोय ठेवली नाहीत. त्याबद्दल तर मी तुम्हाला अजिबात माफ केलेलं नाही. हे पत्र कुठे जाणार नाही, तेव्हा एवढं लिहून टाकते. तुम्ही हात धुवायला आत गेल्यावर काकूंनी मला हळूच विचारलं, "मग तू किती दिवस आहेस गं?" तिथे आम्ही दोघीच होतो, आणि खरं माझ्या जिभेवर होतं. "रस संपेपर्यंत," मी म्हणाले. ते मला तुम्ही शिकवलं नव्हतंत.