ढोलकीचं सागवानी कडं

आबा, त्या ढोलकीचं कडं तुम्ही काळं का केलं नाहीत? मी तेव्हा सातवीत होते, आता शाळेत शिकवते, तरी याचं उत्तर मला देता येत नाही. तुम्ही होतात तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

वारूळवाडीच्या रस्त्याकडेचं आपलं पत्र्याचं दुकान, मोटारीवर फिरणारी लेथ आणि खाली भुशाचा ढीग. वर्षभर तुम्ही लाटणी, रव्या आणि पलंगाचे खूर कातायचात. त्या पावसाळ्यात नारायणगावातल्या एका तमाशातले ढोलकीवाले बांधावरच्या शिसवाचा ओंडका घेऊन आले. तीन वर्षं सावलीत वाळवलेला. दसऱ्याला फड बाहेर पडायच्या आत त्यांना नव्या ढोलकीचं खोड कातून हवं होतं. मापाला म्हणून जुनी ढोलकी ठेवून गेले. तुम्ही आईला म्हणालात, "लाटणी कातून हात गंजला व्हता. आता जरा काम आलं." जेवताना तुम्ही कधी नव्हे ते गुणगुणत होतात.

माप तुम्ही दोरीनं घेतलंत, पण जुन्या ढोलकीच्या तोंडावर चढवलेल्या चामड्याच्या जाड काठासकट. खोड कातून, आतून पोखरून झालं आणि जुनं शेजारी ठेवल्यावर दिसलं, चाटीचं, म्हणजे बारीक आवाजाच्या बाजूचं, तोंड बोटभर मोठं झालंय. मोठ्या तोंडाची चाटी चढी लागत नाही, आणि तमाशात उतरलेल्या ढोलकीला कोण विचारतो? दुसरं वाळलेलं शिसव मिळणार नव्हतं. तुम्ही लेथ बंद केलीत आणि संध्याकाळपर्यंत स्टुलावर बसून राहिलात. आईनं चहा ठेवला, तो तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात येते तर तुम्ही खोडाचा तो काठ कापून टाकलाय. पलंगाच्या खुरातून उरलेल्या सागाच्या तुकड्याचं लहान तोंडाचं कडं कातताय, दर थोड्या वेळानं खोडाला लावून बघताय, पुन्हा केसभर कमी करताय. दुपारी सरस लावून ते खाचेत बसवलंत आणि दोरीनं आवळून ठेवलंत. जोड इतका घट्ट की नख जात नव्हतं. पण काळ्या शिसवावर पिवळं कडं लांबूनही दिसत होतं. मला वाटलं, आपण मदत करावी. मी चुलीवर लाख वितळवली, तिच्यात काजळी कालवली आणि वाटी तुमच्यापुढं धरली.

"तुला कुनी सांगितलं व्हतं?"

"दिसतंय की आबा ते."

"दिसू दे. ठिव तिकडं."

तुम्ही मला क्वचितच रागावायचात, म्हणून ते लागलं. एकदा चामडं चढलं की कडं कुणालाच दिसणार नव्हतं. लपवायचं ते फक्त एका माणसापासून, तेही एकाच दिवसापुरतं.

ढोलकीवाले आले, खोड उचललं आणि हसले. "राव, नवरीला जोडवी घालत्यात, तुमी ढोलकीला घातली व्हय?"

"माप चुकलं माजं," तुम्ही म्हणालात. "चामड्यासकट घेतलं. तुमचं शिसव वाया जाऊ ने म्हणून सागाचा काठ बसवलाय. वाजंल का न्हाई, ते चामडं चढल्याबिगर मला बी सांगता येत न्हाई. नगं आसंल तर ठिवून जावा."

त्यांनी कड्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला. मग म्हणाले, "रंगवून दिलं आसतं तर मला काय कळणार व्हतं?"

तुम्ही म्हणालात, "च्या घ्या."

खोड घेऊन ते गेले. पुढं पंधरवडाभर तुमचं जेवणात लक्ष नव्हतं. एका दुपारी मला सायकलवर बसवून तुम्ही नारायणगावला गेलात. फडाची तालीम चालली होती. तुम्ही आत गेला नाहीत, पानटपरीच्या आडोशाला उभे राहिलात. ढोलकी कडाडली. चाटीवरची थाप थेट रस्त्यापर्यंत येत होती. तुम्ही डोळे मिटलेत. "लागली," एवढंच म्हणालात आणि मला गरम भजी घेतलीत.

आबा, मी पदवीधर झाले ते तुम्हाला बघायला मिळालं नाही. येडगावजवळच्या शाळेत शिक्षणसेविका आहे. महिन्यापूर्वी शाळेच्या भिंतीवर मी हौसेनं तालुक्याचा नकाशा रंगवला आणि कुकडीवरचं धरण मीना नदीवर काढलं. एक मुलगी म्हणाली, "बाई, आमचं धरण दुसऱ्याच नदीवर नेलं की तुमी." सगळा वर्ग हसला, मीही हसले. मुख्याध्यापकांना मात्र हसू आलं नाही. तपासणीला साहेब येणार होते. "सगळी भिंत पांढरी करा," ते म्हणाले, "शाळेची शोभा होईल."

मी मीना नदीवरच्या धरणावर लाल फुली मारली आणि कुकडीवर नवं काढलं. फुली तशीच ठेवली. मुलं येता-जाता तिच्याकडं बोट दाखवतात आणि दोन्ही नद्यांची नावं आता कुणी चुकत नाही. साहेब येऊन गेले, त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

पण तुमच्यासारखं सरळ मला जमलं नाही. मुख्याध्यापकांना मी सांगितलं, पांढरा रंग संपलाय. अर्धा डबा शिल्लक होता. हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणून लिहिते, तो डबा मी पिशवीत घालून घरी आणला आणि रविवारी आईच्या मोरीची भिंत रंगवून टाकली.