तापटच्या उलट निवट

आये, तू त्या दिवशी ओरडली नाहीस, हा धक्का मला साठ वर्षांनीही पचलेला नाही. मालवणच्या बाजारात तुझ्या जिभेला सगळे वचकून असत. गिऱ्हाइकाने भावावरून हुज्जत घातली की तू त्याच्या हातातला बांगडा काढून परत टोपलीत आपटायचीस. राग तुझ्या नाकावरच असायचा. बाबा मात्र थंड डोक्याचे, जाळं विणायला बसले की हूं नाही की चूं नाही. म्हणून गुरुजींनी 'तापट'चा विरुद्धार्थी शब्द लिहा, दोन्ही शब्द वाक्यांत वापरा, असं सांगितलं तेव्हा मला फार डोकं खाजवावं लागलं नाही. तापतं त्याच्या उलट निवतं, आपली पेज रोज निवते, तेव्हा तापटच्या उलट निवट! गुरुजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. निवट म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा, हे मासेवालीच्या मुलीला ठाऊक नसावं? सगळा वर्ग मला निवट म्हणून चिडवू लागला.

घरी येऊन मी वही भिरकावली आणि शाळेत जाणार नाही म्हणाले. बाबांनी जाळ्यावरची मानही वर केली नाही. "नको तर रवांदे. उद्यापासून आवशीवांगडा टोपली घेवन जाव दे." तुझ्याबरोबर बाजारात जायचं, हे किती शांतपणे म्हणाले ते! मी हादरलेच. मला कुणीतरी समजूत काढायला हवं होतं, आणि इथे माझी शाळाच संपली होती.

सकाळी तू ती वही माझ्या हातात कोंबलीस आणि मनगट धरून मला शाळेत नेलंस. आता गुरुजींची धडगत नाही, म्हणून मी दारातच अंग चोरून उभी राहिले. तू टोपली दाराबाहेर ठेवतेस, पदराला हात पुसतेस आणि इतक्या हळू बोलतेस की मला वाटतं दुसरंच कुणी बोलतंय.

"मास्तरानू, चेडवाचां चुकलां तर चुकलां म्हणा. पण हसू नकात. हसलात तर तां परत येवचां नाय."

गुरुजींचा चेहरा उतरला. "चूक माझी झाली, बाई," म्हणाले.

"तेणां काय लिवलांहा, तां माका वाचून दाखवा."

त्यांनी वही उघडली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वाचलं, "माझी आई निवट आहे." मग म्हणाले, "म्हणजे तापटच्या उलट, शांत."

तू केवढी लाजलीस! पुढे कितीतरी वर्षं बाजारात आवाज चढला की मध्येच थांबून म्हणायचीस, "माझां चेडू माका निवट म्हणता," आणि राग गिळायचीस. मी शिकले, मास्तरीण झाले, पोरांना तापटच्या उलट शांत असंच शिकवलं.

आये, वहीत तसं नव्हतं. 'माझी आई तापट आहे. माझे बाबा निवट आहेत,' असं होतं. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून मी गप्प बसले.