डाक्सहुंड म्हणजे काय, ते ह्यांनी करून दाखवलं

सौ. ताईस, धाकटीचा वाकून नमस्कार.

तुझी कंबर काय म्हणते? भावोजींचा खोकला थांबला का? आम्ही इकडे मजेत आहोत, असं लिहिलं की पत्राला बरं दिसतं, म्हणून लिहिलं. खरं म्हणजे मी ओट्याखाली पालथी पडून भिंतीला कान लावलाय आणि फरशीवर कागद ठेवून लिहितेय. सासूबाईंचा कुत्रा भिंतीत शिरलाय, आणि सासूबाई डोळ्याचं ऑपरेशन करून आज संध्याकाळी घरी येताहेत.

सगळं ह्यांच्या जिभेपायी. ह्यांना नावांचे अर्थ सांगायची खोड (दाताच्या डॉक्टरांकडे आ वासलेला असतानाही सांगत होते). सकाळी शेजारचे कंपाउंडर चहाला आले आणि कुत्र्याकडे बघून म्हणाले, हे लांबडं पोट फरशीला घासत चालतं, ह्याचा उपयोग काय? झालं! हे सरसावून बसले. डाक्सहुंड म्हणजे जर्मन भाषेत बॅजरचा कुत्रा. बॅजर जमिनीत बिळं करून राहतो, त्याला आत शिरून हुसकायला ही जात मुद्दाम अशी बुटकी नि लांबट निपजवली, वगैरे वगैरे. कंपाउंडर म्हणाले, हं. नुसतं हं! ते ह्यांच्या जिव्हारी लागलं. ओट्याखाली नळ भिंतीत जातात तिथे एक फळी ठोकलेली होती. हे पक्कड घेऊन खिळे उपटायला बसले. मी म्हटलं, अहो, कुणीतरी विचार करूनच ठोकली असेल ना ती? पण माझं ऐकतील तर ते हे कसले! फळी निघाली, आणि जो प्राणी फरशी पुसायच्या फडक्याला भिऊन पलंगाखाली दडतो, तो सुसाट आत. शेपूट दिसेनासं झालं तेव्हा ह्यांनी छाती फुगवून कंपाउंडरांकडे पाहिलं.

ती छाती आता उतरलीय. आधी आतून खरवडल्याचा आवाज येत होता, मग एकदाच बारीकसं कुंई, आणि आता काहीच नाही. हाका मारून घसा बसला. प्लंबर म्हणाला, ओटा फोडावा लागेल, उद्या येतो. उद्या! आणि हे अजून सांगताहेत, पाय आखूड का ते. मी म्हटलं, बिळात शिरायचं नावात आहे हो, बाहेर यायचं कुठे आहे?

ह्या कुत्र्याच्या केसांपायी मी किती कटकट केली, तुला माहीत आहे. पण सासऱ्यांनी आणलेला तो. ते गेल्यापासून सासूबाई मनातलं बोलतात ते त्याच्याशीच. त्या दारात आल्या आणि तो धावत आला नाही, तर मी कुठल्या तोंडाने सांगू? मला रडू येतंय, ताई.

ता. क. : कंपाउंडर तुमच्याच बाजूला निघालेत, पत्र त्यांच्या हाती देते. मुद्द्याचं असं, की तुझा तपकिरी डाक्सहुंड त्यांच्याबरोबर लगेच पाठव. सासूबाईंच्या डोळ्याला पट्टी आहे, चार दिवस निभावेल. भावोजींना बोलू नकोस.

पुन्हा ता. क. : पाठवू नकोस! सासूबाई आल्यासुद्धा, आणि पट्टी एकाच डोळ्याला आहे. दुसऱ्याने त्यांनी भिंतीतलं भोक पाहिलं, ह्यांना पाहिलं, आणि बिस्किटांच्या डब्याचं झाकण वाजवलं. आत धडपड झाली नि कोळिष्टकांनी माखलेलं ते ध्यान येऊन त्यांच्या पायांत लोळलं. मी चक्क रडले. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांनीही मला हाच अर्थ सांगितला होता, आणि असाच करून दाखवला होता. फळी मग मी ठोकली."

हे आता बिस्कीट म्हणजे दोनदा भाजलेलं, असं सांगताहेत. कंपाउंडर अजून दारातच आहेत. त्यांच्याबरोबर ह्यांनाच धाडते, चार दिवस ठेवून घे.