दारातला माणूस दिसेल इतकी चकाकी

हे लिहायला फार उशीर केला, त्याची आधी क्षमा मागतो. गेल्या पावसाळ्यात छातीत दुखलं तेव्हाच लिहायला हवं होतं. पण कागद पुढे घेतला की वाटे, लिहिलं तर खरं होईल.

मी सीताराम धोंडू नेरूरकर, वय अंदाजे अडुसष्ट, धंदा तसबिरींच्या फ्रेमा करण्याचा, राहणार ठाकूरद्वार, शाळा मराठी तिसरीपर्यंत. माझं डोकं ठिकाणावर आहे. कुणी धाक घातलेला नाही. माझ्यामागे माझ्या वस्तूंचं खाली लिहिल्याप्रमाणे व्हावं.

चाळीतली खोली आणि पोस्टातली शिल्लक माझी पत्नी मीराबाई हिची. तिला कुणी भोईवाड्याला, मुलीकडे, राहायला नेऊ नये. ती रात्री दाराला कडी लावत नाही, आणि तिथे तिला ती लावायला लावतील.

करवत, रंधे, कोन कापायची पेटी पुतण्या गुणाजीला. माझी करवत त्याने एकदा फणस कापायला नेली होती, ते विसरलेलो नाही. तरी त्यालाच.

रंगाची बंदूक, हवेचा पंप आणि नळी मात्र माझा मुलगा शिवा याची. लालबागच्या मोटार गॅरेजात तो रंगारी होता. मोटारीवरची चकाकी लाकडावर आणायला त्यानेच मला शिकवलं. आधी लांबीचा लगदा भरून लाकडाच्या रेषा बुजवायच्या, मग रंगाचा पातळ हात, सुकू द्यायचं, पाणी लावून पॉलिशपेपरने घासायचं, पुन्हा पातळ हात. हवा दमट असेल त्या दिवशी बंदूक उचलायची नाही, काळ्यावर दुधासारखा धूर चढतो. फ्रेम झाली की शिवा माझ्या पाठीमागे दारात जाऊन उभा राही.

“बाबा, मागे बघायचं नाय. फ्रेमेत बघून सांगा, मी काय करतोय?”

“जीभ दाखवतोयस, गाढवा.”

“मग झाली. द्या गिऱ्हाइकाला.”

छप्पनच्या जानेवारीत, गोळीबाराच्या दिवसांत, तो संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला गेला तो आला नाही. इस्पितळं पाहिली, चौक्या पाहिल्या. जिवंतांत नाव नाही, मेलेल्यांतही नाही. वर्ष उलटल्यावर चाळीच्या मंडळाचे नाना त्याचा फोटो आणि हार घेऊन आले.

“सीतारामभाऊ, फ्रेम तुमच्याच हातची होऊ दे. मंडळात मानाने लावू.”

मीराबाई चुलीपासून उठली. “नानानू, हार परत व्हरा. माझो झील मेलो म्हणान कोणी सांगल्यान तुमका?”

हार गेला, फोटो राहिला. नानांचा हेतू वाईट नव्हता, पण मी त्यांना क्षमा केलेली नाही, तेही इथे नोंदवतो.

फ्रेम मी केली, तिच्यापासून लपवून. शेवटचा हात सुकल्यावर उजेडाकडे तिरपी धरली, तर काळ्या रंगात माझ्यामागे दारात कुणीतरी उभं होतं. मी वळलो नाही. म्हटलं, “काय करतोयस?” जीभ दाखवली नाही. नुसता उभा. वळलो तेव्हा दार रिकामं. लगेच पेपर घेऊन सगळी चकाकी घासून टाकली. पुढे पुन्हा रंगवली, पुन्हा तो आला, पुन्हा घासली. ही फ्रेम पुरी झाली तर तो कायमचा दारातच राहील, असं माझ्या मनाने घेतलं आहे. मीराबाईला आता कळलंय. परवा म्हणाली, “किती घासतल्यात? लाकूड उरूचा नाय.”

म्हणून ठरवून लिहितो. त्या फ्रेमेत शिवाचा फोटो कुणीही बसवायचा नाही. मंडळाने नाही, गुणाजीने नाही. ती माझी. मुलीच्या लग्नातला माझा फोटो त्यात बसेल, एक कान कापला जाईल, चालेल. पण शेवटचा हात शिवाने द्यायचा. तो येईपर्यंत ती फिकटच राहील आणि मीही भिंतीवर चढणार नाही.

साक्षीदार: चिंतामणी विठ्ठल सामंत, शेजारी
कोंडीराम भिकाजी राणे, सुतार
सही: सीताराम धोंडू नेरूरकर
ठाकूरद्वार, मुंबई. ता. ९ मार्च १९५८

सही झाल्यावर एवढंच: शिवा, हे तुझ्या कानावर गेलं तर दारात नुसता उभा राहू नकोस, आत ये. कडी काढलेलीच आहे. येता येत नसेल तर कुणाकडून तरी निरोप धाड. लवकर धाड, बाळा.