संक्रांतीला फायबर

२ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प बॅनरवरच छापून घेतला. धसईच्या बाजारात, माझ्या दुकानावर: ‘साईनाथ केबल. संक्रांतीला फायबर. १०० एमबीपीएस.’ बाजूला माझा गॉगलमधला फोटो. फायबर अजून यायचीय. पण बॅनर आधी आलेला बरा, लोकांच्या मनाची तयारी होते.

१४ जानेवारी
फायबर आली नाही. कल्याणचा नेटचा होलसेलवाला फोन उचलत नाही. चूक त्याची. तरी सणाचं काहीतरी द्यायला हवं, म्हणून सगळ्या गिऱ्हाईकांच्या वायफायचं नाव बदललं: ‘साईनेट १००’. सलूनवाला चांगो म्हणाला, आता व्हिडिओ थांबत नाय. म्हणजे निम्मा स्पीड माणसाच्या डोक्यात असतो. मोठ्या कंपन्यांना हे कळत नाही.
अनिता म्हणाली, तिळगूळ घ्या आणि कमी बोला. स्वतःच्या बायकोने असं बोलावं!

२५ जानेवारी
फायबर आली! विजेच्या खांबांना परवानगी लागते, स्वतःचे खांब उभे करायचे तर पावसाळा उजाडेल. म्हणून रस्त्यापासून आमच्या पाड्यापर्यंत बांधावरच्या ऐनाच्या झाडांवरून ओढली. आधी आमची झाडं, पुढे शेजारच्या गुणाकाकीची. बाबा खालून ओरडत होते, साया, ऐनावरना नको रे, राबाला फांद्या तोडायच्या हायत. दरवर्षी त्या फांद्या वाळवून भाताच्या रोपांची जागा भाजायची, हे मला शिकवतात! गप्प करायला सांगितलं, दहा तारखेला तोडा, तोवर मी तार हलवतो. बाबांना टेक्नॉलॉजी समजत नाही.

३० जानेवारी
गुणाकाकीच्या दामिनीला नाशिकच्या एका हॉस्पिटलातून मुलाखत आली. लॅबची नोकरी. दहा तारखेला, ऑनलाइन. ती मुरबाडला मावशीकडे जाऊन देणार होती. मी अडवलं. फायबर दारात असताना पोरगी मावशीकडे गेली, तर माझ्या बॅनरकडे कोण बघेल? काकी म्हणाली, बघ हां साया, शिकून घरातच बसलीय पोर. म्हटलं, जबाबदारी माझी. छाती फुगली.

५ फेब्रुवारी
पाड्यात राबाची तोडणी सुरू. ग्रुपवर टाकलं: ‘ऐन तोडू नका, वरून तार आहे.’ पाचसहा अंगठे आले. गुणाकाकीने तर झाडांना हातच लावला नाही. म्हणाली, पोरीची मुलाखत होऊ दे, मंग बघू. जनजागृती म्हणतात ती ही. आमच्या झाडांवरची तार हलवायची राहिलीय. उद्या.

८ फेब्रुवारी
क्रिकेटचे सामने होते. ट्रॉफीवर माझं नाव, त्यामुळे जाणं भाग. तार उद्या नक्की.

१० फेब्रुवारी, सकाळ
दामिनीकडे जातीने हजर. साडी नेसून लॅपटॉपसमोर बसलीय. स्पीड मोजून काकीला दाखवला. त्र्याण्णव! काकीने त्या आकड्याला हात जोडले. बाकीचं नंतर लिहितो.

१० फेब्रुवारी, दुपार
पहिल्याच प्रश्नाला नेट गेलं. दामिनीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, कल्याणहूनच गेलंय. आणि बांधावर धावलो, तोडणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.
आमच्याच ऐनावर बाबा, हातात कोयता. खाली फांद्यांचा ढीग, त्यात माझी फायबर. बाबा म्हणाले, दहा तारीख तूच सांगितलीस ना?
जुनी केबल मी दातांनी सोलून जोडायचो. हिला जोडायचं मशीन मुरबाडला. दामिनी साडी आवरत सिग्नलसाठी टेकाडावर गेली. तोवर हॉस्पिटलवाल्यांनी पुढच्या मुलीला मुलाखतीला घेतलं होतं. पुन्हा मुलाखत नाही म्हणाले.
खाली येऊन मलाच म्हणाली, साईदादा, तू तरी काय करशील, कल्याणहूनच गेलं. मी मान हलवली. चुलीत घालावी ती मान.

११ फेब्रुवारी
दुकान बंद. अनिताला सांगितलं, ताप आहे. तिने कपाळाला हात लावून पाहिला आणि कामाला लागली. लाज वाटते. निदान इथे तरी लिहितो.

१३ फेब्रुवारी
खरं सांगायला गेलो. वाटेत चांगली कारणं जुळवली होती, होलसेलवाला, परवानगी, बाबांचं वय. अंगणात बाबा आधीच बसलेले, सगळं सांगून मोकळे. दामिनी उठून आत गेली. गुणाकाकी ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, आमी आमची झाडं तशीच ठेवली रे, साया.
कारणं तशीच घेऊन परत आलो.

१६ फेब्रुवारी
बॅनर उतरवला. गुणाकाकीच्या झाडांवर चढून फायबर सोडवली, तिच्या राबाच्या फांद्या तोडून दिल्या. दामिनी भारे उचलत होती, वर पाहिलं नाही. दहा तारखेपासून अख्ख्या पाड्याचं नेट बंद, आणि का ते आता सगळ्यांना ठाऊक. शिव्या खायच्या तयारीने फोन खिशात ठेवला होता.
एकाही गिऱ्हाईकाचा फोन आला नाही.