निरोप समारंभानंतरची हजेरी

धुळे,
२२ सप्टेंबर १९९४

तीर्थरूप आधारभाऊ,

बायकोच्या थोरल्या भावाला जितका वाकून नमस्कार करायचा तितका लीलाधरचा नमस्कार (कंबर धरली आहे, उरलेलं वाकणं मनानं समजून घ्यावं). सावद्याला यंदा केळीचे घड कसे आहेत? तुमचा खोकला? वहिनींचे गुडघे? इकडे तुमची कमल ठीक आहे, म्हणजे माझ्याशी बोलते आहे.

माझ्या निरोप समारंभाला तुम्ही मुद्दाम आलात आणि "पाहुणे आता आमच्या केळीबागेत बसून कविता करतील" असं भोंग्यावरून जाहीर करून गेलात. त्याआधीची आणि त्यानंतरची हकिगत तुम्हाला ठाऊक नाही. सरकारनं माणसं कमी करायला योजना काढली, की जो आपण होऊन नोकरी सोडेल त्याला उरलेल्या वर्षांपोटी एकरकमी पैसे. परिपत्रक सगळ्यांनी वाचलं. इतरांना त्यात रक्कम दिसली, मला गिरणा दिसली. भडगावच्या शाळेत बाकावर उभं राहून म्हटलेली नदीची कविता कानात वाजायला लागली. खिडकीबाहेरच्या कडुलिंबावर कावळा बसला होता, तोही मला बगळा वाटला. त्याच तंद्रीत अर्ज केला.

मंजुरी यायची होती. पण आमचे हेडक्लार्क पंडित म्हणाले, "नाना, गणपतीचा मंडप उभा आहे, भोंगा आहे, गुलाल उरलाय. मंजुरी आल्यावर पुन्हा मंडपाचं भाडं कोण भरेल? आत्ताच उरकून टाकू." मग उरकलं. साहेबांनी शाल घातली, वर्गणीची आरामखुर्ची मिळाली, मी स्वतः रचलेलं निरोपाचं काव्य म्हटलं, आणि बन्सीलाल शिपाई हुंदके देऊन रडला. आमच्या ऑफिसात जाणाऱ्याला वाजतगाजत घरापर्यंत पोचवायची रीत आहे (परत फिरू नये म्हणून असावी). तशी माझीही वरात निघाली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं भडगाव गाठलं आणि गिरणेकाठी जाऊन बसलो. पाणी होतं, वारा होता, पलीकडे गुरं चरत होती. आणि आधारभाऊ, कविता आठवेना! आठवत काय होतं, तर चार वाजता बन्सीलाल चहा आणतो तेव्हा वाजणाऱ्या कपबश्या. इतकी वर्षं ऑफिसात बसून नदी पाहिली, आणि नदीवर बसलो तर ऑफिस दिसू लागलं. (समोर नसलेली वस्तूच मला नीट दिसते. लग्न ठरलं तेव्हा कमलसुद्धा... जाऊ द्या.)

परत आलो तर बन्सीलाल दारात. साहेबांचा सांगावा होता की मंजुरी येईपर्यंत कामावर हजर राहा. मी जवळजवळ नाचत गेलो. पण नेमका पितृपक्ष लागलेला. गेलेली माणसं या दिवसांत जेवायला येतात हे सगळ्यांना ठाऊक. मस्टरवर सही करायला आलेलं कोणी पाहिलं नव्हतं. माझ्या टेबलावर पंडित येऊन बसले होते. ते उठेनात. शेवटी वर्गणीची आरामखुर्ची घरून रिक्षात घालून आणली आणि व्हरांड्यात टाकली. आता दिवसभर तिच्यात पडून असतो. कोणी काम सांगत नाही. सगळे हळू आवाजात, फार गोड बोलतात. काल मी टपाल चुकीच्या फायलीत लावलं, तर साहेब म्हणाले, "असू द्या, नाना." आधारभाऊ, त्या साहेबांनी आजवर मला काहीही असू दिलेलं नाही.

असो. हे केवळ तुमची करमणूक म्हणून लिहिलं, मागणं काही नाही. वहिनींना नमस्कार सांगावा.

तुमचा,
लीलाधर

ता. क. एक मागणं आहे. अर्ज महिनाअखेरपर्यंत मागे घेता येतो, आणि मला तो घ्यायचा आहे. पण ज्यांनी वर्गणी काढली, जे रडले, त्यांना काय तोंड दाखवू? तेव्हा तुम्ही वडीलधारे या नात्यानं माझ्यावर रागवावं. पत्र ऑफिसच्या पत्त्यावर, साध्या उघड्या कार्डावर टाकावं (बन्सीलाल कार्ड मोठ्यानं वाचल्याशिवाय कोणाला देत नाही). "बागेत तुमचं काही काम नाही, नोकरी सोडलीत तर सावद्यात पाय ठेवू नका," एवढं पुरे. मग मी एक उसासा टाकून, थोरल्यांच्या शब्दाखातर राहिलो, असं म्हणेन.

आणखी एक ता. क. कमलनं आत्ताच हे सगळं वाचलं. मला वाटलं, आता भडकेल. 'आमचे हे आता घरीच असतात' असं तिनं गल्लीभर सांगून ठेवलं आहे. ती स्टोव्हकडे तोंड करून जे बोलली ते जसंच्या तसं उतरवतो: "भाऊले लिखा, जरा जोरमा रागव म्हना. दुपारभर यास्न्या कविता आयकाले मी काय हाफिस शे का? अन् सकायले डबा भऱ्याबिगर माले भी करमत नही."