न सोललेला पेटा

अब्बा,

आज एम.एस्सी.च्या पक्षिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला कोंबडी होती. तिचा पेटा, म्हणजे दाणे दळणारं जठर, ट्रेमध्ये मांडायचा आणि दात नसताना कोंबडी दाणे कशी दळते ते समजावून सांगायचं, एवढंच काम. माझे हात मात्र आपल्या दुकानातच होते. मी पेटा चिरला, ज्यांनी दाणे दळले जातात तेच आतले खडे फेकले, तीच पिवळी साल सोलली आणि स्वच्छ धुऊन चार तुकडे केले.

दीक्षित सर म्हणाले, "छान. आता फोडणीला टाका."

सगळा वर्ग हसला. मग त्यांनी विचारलं, "कुठं शिकलात हे?"

दोन वर्षं मी इथे ‘अब्बांचा व्यापार आहे’ एवढंच सांगत आलेय. आज मी म्हणाले, "विश्रांतवाडीत आमचं चिकनचं दुकान आहे." सरांनी लगेच पत्ता लिहून घेतला; पुढच्या प्रॅक्टिकलचे पेटे न्यायला रविवारी येतो म्हणाले.

हे पत्र मी टाकणार नाही. ती दोन वर्षं तुम्हाला कळायला नकोत. फोनवर एवढंच सांगेन: रविवारी जन्मात मांस न खाल्लेलं एक गिऱ्हाईक येईल, दहा पेटे मागेल आणि वर म्हणेल, "सोलू नका." वाद घालू नका. नऊ तसेच द्या, दहावा मात्र त्यांच्यासमोर सोला. माझे हात कुणावर गेलेत, ते त्यांना बघायचंय.

तुमची,
जरीना